मियोला फक्त पुलासाठी थांबू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे की बार्सिलोनाहून पॅरिसला कारने जायचंय, वाटेत तो फेमस उंच पूल लागतो, तर शेजारच्या मियो गावात रात्र काढावी का, तिथे पुलाशिवाय काही आहे का, आणि त्या गावाला काही भूगोल-इतिहास आहे की नुसताच हायवेवरचा थांबा. मी शिकले भूगर्भशास्त्र आणि पोटापाण्याला दक्षिण फ्रान्समधे मराठी ग्रुप फिरवते, त्यामुळे दर सीझनला हे कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. सरळ उत्तर आधी: एक नाही, दोन रात्री काढा. आणि पूल सगळ्यात शेवटी बघा, कारण तो आधी बघितला की लोकांचं डोकं तिथेच अडकतं आणि बाकी काही दिसत नाही, हे मी कायम बघते.

मियो (स्पेलिंग वाचून आपले लोक मिलाऊ म्हणतात, तिथे तसं विचारलंत तर कोणाला कळणार नाही) हे आव्हेरों जिल्ह्यातलं साधारण 22 हजार वस्तीचं गाव. तार्न नदी पूर्वेकडून, लोझेरच्या डोंगरातून येते, येताना जवळजवळ 50 किलोमीटर लांबीच्या खोल घळीतून येते, आणि घळ संपून दरी जराशी रुंद होते तिथेच तिला दुर्बी नावाची नदी मिळते. त्या संगमावर हे गाव. गावात कुठेही उभं राहून मान वर करा, कडे दिसणार, चारशे-साडेचारशे मीटर वर, आणि कड्यांच्या डोक्यावर एकदम सपाट पठारं. या पठारांना तिकडे कोस म्हणतात. दक्षिणेला लार्झाकचं, पूर्वेला कोस नुआर म्हणजे काळं पठार, आणि त्याच्या पलीकडे जाँत नदीची घळ ओलांडली की कोस मेजाँ.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला कडा आणि सपाट माथा बघून पहिलं वाटतं की अरे हे तर आपलंच. तसं नाहीये, आणि हा फरक कळला की गाव कळतं. आपला दगड लाव्हाचा, बेसॉल्ट. पावसाळ्यात सड्यावर पाणी तुंबतं, ओढे होतात, कड्यावरून धबधबे पडतात. इथला दगड ज्युरासिक काळात उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली चुनखडी आणि डोलोमाइट. पावसाचं किंचित आम्लयुक्त पाणी हा दगड हळूहळू विरघळवतं, भेगा रुंद होतात, आणि पडलेलं पाणी थेट आत जातं, म्हणजे सगळं पठार एक चाळणी आहे. वर नदी नाही, ओढा नाही, विहीर खणून उपयोग नाही. आत गेलेलं पाणी खाली जिथे मातकट थर लागतो तिथे अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपात बाहेर येतं. म्हणजे वर उंचावर कोरडं गवत, दगड, जुनिपरची झुडपं, हिवाळ्यात बोचरा वारा, आणि खाली दरीत पाणी, चिकणमाती, झाडी, फळबागा. वरच्या लोकांनी मेंढ्यांसाठी पावसाचं पाणी धरायला खोलगट गोल तळी बांधलीत, तळाला दगडी फरसबंदी केलेली, त्यांना लाव्होन्य म्हणतात. लार्झाकवर एखाद्या वाडीच्या बाहेर असं तळं दिसलं तर थांबून बघा, मेंढ्यांना उतरता यावं म्हणून दगड कसे उताराने बसवलेत ते. शेती होते ती फक्त खळग्यांमधे, जिथे चुनखडी विरघळून उरलेली लाल माती गोळा झालेली असते, बाकी सगळं चराईचं रान.

तर वर दगड, गवत आणि मेंढ्या, खाली पाणी, माती आणि माणसं. मियोने दोन हजार वर्षं जे काही विकलं, ज्यावरून भांडणं केली, ते सगळं या दोन गोष्टींच्या मधल्या चारशे मीटरच्या चढउतारातून आलंय. असं मी ग्रुपला पहिल्याच दिवशी सांगते आणि मग पुढचं सगळं आपोआप लागत जातं.

पहिला माल म्हणजे मातीची भांडी. नदीपलीकडे, संगमाजवळच्या सपाट जागेत, ग्रोफेसांक नावाची साइट आहे. रोमन काळी इथे कोंदातोमागुस नावाची वस्ती होती, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात इथे लाल, चकचकीत, ठशाची नक्षी असलेली भांडी इतक्या प्रमाणात बनायची की ती ब्रिटनपासून उत्तर आफ्रिकेपर्यंत सापडतात. याला फॅक्टरीच म्हणावं लागेल. सिस्टीम अशी होती की कुंभार आपापली भांडी चाकावर किंवा साच्यात करायचे, तळाला स्वतःच्या नावाचा शिक्का मारायचे, आणि मग अनेकांची भांडी एका मोठ्या सामायिक भट्टीत एकदम भाजली जायची. आता कोणाची किती हा हिशोब कसा ठेवायचा? तर एका ताटलीवर भाजण्याआधी टोकदार काडीने यादी खरवडायची: अमक्याच्या वाट्या इतक्या, तमक्याच्या ताटल्या इतक्या, आणि ती ताटली त्याच भट्टीत टाकायची. माल बाहेर आला की यादीही भाजून पक्की झालेली. अशा बऱ्याच याद्या उत्खननात मिळाल्यात, आणि काहींची बेरीज पंचवीस-तीस हजार नगांच्या घरात जाते, म्हणजे एका भट्टीचा माल! लिपी लॅटिन पण भाषा अर्धी लॅटिन अर्धी गॉलिश (रोमन येण्याआधीची इथली भाषा), आणि ही गॉलिश पुढे पूर्ण मेलेली असल्यामुळे तिच्यातले पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमवाचक शब्द आज माहीत आहेत ते मुख्यतः या हिशोबाच्या ताटल्यांमुळे. कोण्या कारकुनाने खरवडलेलं बिल भाषाशास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसलंय.

आणि पॉम्पेईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. इसवी सन 79 मधे व्हेसुव्हियस फुटला तेव्हा पॉम्पेईच्या एका घरात दक्षिण गॉलमधल्या (गॉल म्हणजे रोमन काळातला फ्रान्स) या भांड्यांची आख्खी पेटी पडून होती, नव्वद नक्षीदार वाडगे, नवे कोरे, न वापरलेले. ती 1881 साली सापडली. म्हणजे इटलीत, जिथे ही कला आधी भरात होती, तिथे हे डोंगरातले लोक माल पाठवत होते. आणि गंमत बघा, तार्न नदी इथे बोटींच्या उपयोगाची नाही, उथळ आणि खडकाळ, त्यामुळे हा सगळा फुटणारा माल खेचरांच्या पाठीवर लार्झाकचं पठार चढून, ओलांडून, पलीकडे उतरून समुद्राकडे नार्बोनला जायचा. मग इतक्या अडचणीच्या जागी कारखाना का? दरीतली चिकणमाती चांगली, पाणी मुबलक, आणि भट्टीसाठी लाकूड आजूबाजूच्या डोंगरांवर. दुसऱ्या शतकात मध्य गॉलमधले लेझूसारखे स्पर्धक पुढे गेले आणि इथल्या भट्ट्या थंडावल्या. साइट आता बघायला साधीच आहे हो, भिंतींचे पाये आणि भट्टीचा खड्डा, त्यामुळे आधी गावातल्या म्युझियममधे जाऊन भांडी बघा आणि मग साइटवर जा, उलटं केलंत तर मुलं कंटाळतील. म्युझियम पेगेरोल नावाच्या जुन्या हवेलीत आहे, फॉश चौकाला लागूनच.

मध्ययुगाचं मी पटकन सांगते, कारण राजे फार बदलतात आणि लक्षात कोणाच्या राहत नाहीत. 1112 साली लग्नसंबंधातून गाव बार्सिलोनाच्या काउंटकडे गेलं, तेच घराणं पुढे आरागोनचे राजे झालं, त्यामुळे तुम्ही बार्सिलोनाहून येताय तर हे कनेक्शन लक्षात ठेवा. 1187 मधे आरागोनच्या राजाने गावाला स्वतःचा कारभार स्वतः बघायची सनद दिली. गावातला उंच मनोरा आहे ना, त्याचा खालचा चौकोनी भाग त्या काळातला, बाराव्या शतकातला, आणि वरचा अष्टकोनी भाग सतराव्या शतकात चढवलेला. वर जाता येतं, पायऱ्या भरपूर आहेत, गुडघे बरे असतील तर जा, छपरांवरून कड्यांचं पूर्ण कडं दिसतं. नंतर फ्रान्सचा राजा आला, शंभर वर्षांच्या युद्धात काही वर्षं इंग्रजांचा अंमल झाला, मग सोळाव्या शतकात गाव प्रोटेस्टंट झालं आणि चांगलंच कडवं प्रोटेस्टंट झालं, 1573 मधे दक्षिणेतल्या प्रोटेस्टंट लोकांची मोठी सभा इथेच भरली होती. 1629 मधे राजाने बंडखोर प्रोटेस्टंटांशी तह केला आणि गावाची तटबंदी पाडायला लावली. म्हणून मियोला किल्लेबंद जुनं गाव शोधत फिरू नका, तट नाही, त्याच्या जागी गोल फिरणारा रस्ता आहे. तट बघायचाच असेल तर लार्झाकवर ला कुव्हर्तुआराद नावाचं खेडं बघा, बाराव्या शतकापासून टेम्पलर नाइट्सचं (म्हणजे धर्मयुद्धांतल्या लढवय्या साधूंच्या पंथाचं), त्यांचा किल्ला आणि पुढे पंधराव्या शतकात बांधलेला तट आजही उभा आहे.

फॉश चौकात मात्र बसाच. एका बाजूला कमानींचा ओटा आहे, आणि त्यातल्या एका जुन्या खांबावर तिथल्या ओक्सितान बोलीत कोरलंय की सुरू करण्याआधी बघ काय करतोयस. इथे पूर्वी गुन्हेगारांना उभं करायचे. माझ्या ग्रुपमधल्या एका आजोबांनी हे वाचून ताबडतोब जावयाकडे बघितलं होतं, असो.

आता मेंढ्या. इथे खरी मजा आहे. वर पठारावर पाणी नाही, गाय जगवणं कठीण, पण मेंढी जगते, म्हणून सगळं मेंढीवर. लाकोन नावाची जात आहे, दुधासाठी. तिच्या दुधाचं रोकफोर चीज होतं आणि ते मुरतं मियोपासून पंचवीसेक किलोमीटरवर रोकफोर गावात, कोंबालू डोंगराच्या पोटात. का तिथेच? परत तीच चुनखडी. या डोंगराचा कडा कधीकाळी कोसळला, मोठमोठ्या शिळांचा ढीग झाला, आणि शिळांच्या फटींमधून हवा सतत फिरत राहते. या फटींना फ्लोरीन म्हणतात. बाहेर उन्हाळ्यात 35 डिग्री असली तरी आत दहाच्या आसपास, आणि दमटपणा कायम. अशा हवेत पेनिसिलियम रोकफोर्ती ही बुरशी झकास वाढते, तीच ती निळी-हिरवी शीर. ही बुरशी परंपरेने राय नावाच्या धान्याच्या मोठ्या पावावर वाढवतात, पाव पूर्ण बुरसला की त्याची पूड. 1411 साली फ्रान्सच्या राजाने चीज मुरवायचा हक्क या गावाला दिला आणि 1925 साली, म्हणजे फ्रान्समधल्या इतर चीजच्या आधी, याला कायदेशीर नावसंरक्षण मिळालं, आपल्याकडच्या जीआय टॅगसारखं. आजही नियम असा की दूध कच्चं आणि फक्त लाकोन मेंढीचं, एकूण किमान 90 दिवस मुरवायचं आणि त्यातले किमान 14 दिवस याच गुहांमधे. गुहा बघायला आत घेऊन जातात, स्वेटर न्या, जूनमधेही. आणि शाकाहारी मंडळी विचारतात म्हणून सांगते, या चीजला दूध फाडायला जनावराच्या पोटातलं रेनेट लागतं, त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर रोकफोर चालणार नाही. आलिगो नावाचा बटाटा आणि ताज्या चीजचा लांबच लांब तार निघणारा प्रकार सगळे व्हेज म्हणून खातात, त्यातही बहुतेक वेळा तेच असतं, आधी विचारा.

चीजला दूध हवं म्हणजे कोकराने ते पिता कामा नये. म्हणून कोकरं लवकर कापली जातात, हे ऐकायला वाईट वाटतं पण उद्योगाचं गणित हेच आहे. आणि लहान कोकराचं कातडं अतिशय पातळ, मऊ, डाग नसलेलं असतं. हे कातडं येणार कुठे? खाली दरीत, जिथे धुवायला पाणी आहे. असा मियोचा हातमोज्यांचा धंदा उभा राहिला, वरच्या चीजच्या धंद्याचं उरलंसुरलं खाली येऊन. कातडं कमावायचं कसं तर जुन्या पद्धतीत तुरटी, मीठ, पीठ आणि अंड्याचा बलक यांच्या मिश्रणात, त्याने कातडं पांढरं आणि लवचिक होतं. मग कारागीर ते ओलसर कातडं टेबलावर घेऊन दोन्ही दिशांनी हाताने ताणतो, परत सोडतो, परत ताणतो. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं टाइमपास चाललाय, पण सगळी कला त्यातच आहे, कारण मोजा रुंदीला ताणला पाहिजे, बोटं आत जायला, पण लांबीला ताणला तर दोन महिन्यांत बोटांची टोकं लोंबायला लागतात. कातडं कुठल्या बाजूने किती सैल आहे ते हाताला कळतं, मशीनला नाही. मग अंगठ्याचा तुकडा वेगळा, बोटांच्या मधल्या बारीक पट्ट्या वेगळ्या, आणि शिलाई बायका घरी बसून करायच्या, गावातल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्याही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हजारो लोकांचं पोट यावर होतं. मग बायकांनी रोज हातमोजे घालणं सोडलं, स्वस्त माल बाहेरून यायला लागला, आणि बहुतेक कारखाने बंद झाले. आज मोजकीच नावं उरलीत. 1892 चं कोस घराणं, जे आता शॅनेलच्या मालकीचं आहे, आणि 1924 चं फाब्र. दुकानात जाऊन हात घालून बघायला पैसे पडत नाहीत, किंमत बघून मात्र गप्प बसाल.

मराठी माणसाने मियोला का थांबावं याचं माझं सगळ्यात लाडकं कारण अजून यायचंय. ते म्हणजे लार्झाकचा लढा, आणि त्याचा एक धागा सरळ आपल्या वर्ध्याला येऊन पोचतो.

लार्झाकवर ला कावालरी गावाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लष्कराचा कॅम्प होता, साधारण 3,000 हेक्टर. 1971 मधे संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी जाहीर केलं की तो 17,000 हेक्टर करायचा. पॅरिसमधून नकाशा बघितला तर रिकामं रान दिसतं ना, थोड्या मेंढ्या, थोडे शेतकरी, घ्या जमीन. इथले शेतकरी तसे साधे, चर्चला जाणारे, सरकारच्या विरोधात वगैरे कधी न गेलेले लोक. त्यातल्या 103 जणांनी मार्च 1972 मधे शपथ घेतली की जमीन विकणार नाही. आणि त्याच सुमारास ला कावालरीत येऊन एका दाढीवाल्या म्हाताऱ्याने पंधरा दिवसांचं उपोषण केलं. हा लांझा देल वास्तो. जन्माने इटालियन, वयाने सत्तरीचा. हा माणूस 1936-37 मधे भारतात आला होता आणि वर्ध्याला गांधीजींजवळ राहिला होता, तेव्हा गांधीजी शेगावात राहायला गेलेले होते, ज्याला पुढे सेवाग्राम नाव पडलं. गांधीजींनी त्याला शांतिदास नाव दिलं. परत युरोपात जाऊन त्याने आर्क नावाची आश्रमासारखी वस्ती सुरू केली, चरखा, शेती, अहिंसा सगळं, आणि 1954 मधे पुन्हा भारतात येऊन विनोबांच्या भूदान यात्रेत चाललाही. तर या माणसाने लार्झाकच्या मेंढपाळांना अहिंसक लढा कसा लढायचा ते शिकवलं, आणि ते लोक ते शिकले.

पुढची दहा वर्षं त्यांनी जे केलं ते वाचताना मला तरी आपल्याकडच्या सत्याग्रहांची आठवण येते. ऑक्टोबर 1972 मधे त्यांनी मेंढ्या ट्रकमधे भरल्या आणि पॅरिसला थेट आयफेल टॉवरखाली सोडल्या, पोलीस मेंढ्यांच्या मागे पळतायत आणि पेपरवाले फोटो काढतायत. 1973 मधे ट्रॅक्टर घेऊन पॅरिसला निघाले. त्याच उन्हाळ्यात पठारावर हजारो लोकांचा मेळावा भरला. ला ब्लाकिएर नावाच्या वाडीवर परवानगी मिळत नव्हती तर परवानगीशिवायच दगडी मेंढवाडा बांधायला घेतला, देशभरातून तरुण येऊन दगड रचत होते, आणि पैसे आले ते ज्यांनी सरकारला कराचा काही हिस्सा द्यायचा नाकारून इकडे पाठवला त्यांच्याकडून. जमिनीचे छोटे छोटे हिस्से हजारो लोकांनी विकत घेतले म्हणजे लष्कराला संपादन करताना प्रत्येकाशी वेगळी कोर्टकचेरी करावी लागेल. 1978 मधे शेतकरी चालत पॅरिसला गेले, सातशे किलोमीटर. शेवटी 1981 मधे मितेराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि त्यांनी कॅम्प वाढवायचा प्रोजेक्ट रद्द केला. लांझा देल वास्तो त्याच वर्षी जानेवारीत वारला, निकाल त्याने बघितला नाही.

आणि जिंकल्यावर काय केलं ते मला लढ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. सरकारने तोपर्यंत घेतलेली साधारण 6,300 हेक्टर जमीन 1985 मधे शेतकऱ्यांच्या एका सामायिक संस्थेकडे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने आली. जमीन कोणा शेतकऱ्याच्या मालकीची नाही, ज्याला कसायची, मेंढ्या पाळायच्या त्याला संस्था देते, तो रिटायर झाला की जमीन परत संस्थेकडे आणि नव्या तरुण कुटुंबाला. ग्रामदान म्हणून आपल्याकडे जे स्वप्न बघितलं गेलं त्याच्या जवळपासचं काहीतरी या फ्रेंच पठारावर चाळीस वर्षं चालू आहे, आणि आपल्या लोकांना त्याचा पत्ता नसतो. कॅम्प मूळच्या जागेत अजून आहे, 2016 पासून तिथे फॉरेन लीजनची (फ्रेंच लष्करातली परदेशी सैनिकांची फौज) तुकडी असते, आणि दोघं शेजारी शेजारी नांदतात.

याच लढ्यात पठारावर राहायला आलेला एक तरुण म्हणजे जोझे बोव्हे, 1976 पासून तिथे मेंढ्या पाळणारा. युरोपने हार्मोन दिलेलं अमेरिकन बीफ घेणार नाही म्हटल्यावर 1999 मधे अमेरिकेने सूड म्हणून काही युरोपियन मालावर शंभर टक्के ड्यूटी लावली, त्यात रोकफोर. ज्यांचं दूध रोकफोरला जातं ते मेंढपाळ खवळले, आणि 12 ऑगस्ट 1999 ला मियोमधे बांधकाम चालू असलेलं मॅकडॉनल्ड्स त्यांनी दिवसाढवळ्या, बायकापोरांसकट जाऊन, सुटं करून ट्रॉलीत भरलं आणि सरकारी कचेरीसमोर नेऊन टाकलं. पुढच्या वर्षी मियोच्या कोर्टात खटला चालला तेव्हा गावात हजारो लोक जमले, गावाच्या वस्तीपेक्षा जास्त. बोव्हेला तीन महिन्यांची शिक्षा झाली, नंतर तो युरोपियन संसदेतही गेला. मॅकडॉनल्ड्स शेवटी उघडलंच, अजून आहे. मालमत्तेची मोडतोड म्हणजे अहिंसा का, यावर आमच्या गाडीत दर वेळी वाद होतो, माझं मत विचाराल तर वास्तो बुवांना ते फारसं रुचलं नसतं.

आता पूल. गेली दोन हजार वर्षं उत्तर-दक्षिण जाणाऱ्या प्रत्येकाला, खेचरवाल्यापासून ट्रकवाल्यापर्यंत, एका पठारावरून दरीत उतरायचं, तार्न ओलांडायची आणि समोरचा चढ चढायचा हे चुकलं नव्हतं. गावात जुन्या पुलाचा उरलेला तुकडा आहे बघा, एकच कमान आणि तिच्यावर पाणचक्कीचं घर. मध्ययुगात हा सतरा कमानींचा टोल नाका होता, 1758 च्या पुरात बाकीचा वाहून गेला. सेव्हेनच्या डोंगरावर भूमध्य समुद्राकडून आलेला शरद ऋतूतला पाऊस एका दिवसात धो धो कोसळतो आणि तार्न बघता बघता चढते, उन्हाळ्यात बघून विश्वास बसत नाही. नंतर 1821 चा दगडी पूल आला, आणि विसाव्या शतकात जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत सगळा फ्रान्स समुद्राकडे निघाला की या एका गावात गाड्या तासन्‌तास अडकायच्या. मियो म्हणजे ट्रॅफिक जॅम हीच गावाची देशभर ओळख झाली होती.

म्हणून ए-75 मोटरवे आखताना चार मार्गांचा विचार झाला आणि शेवटी ठरलं की दरीत उतरायचंच नाही, पठारावरून पठारावर जायचं. कल्पना मिशेल विर्लोजो या इंजिनिअरची, आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टर, बांधणारी कंपनी एफाज, जिच्या पोटात आयफेलची जुनी कंपनी आहे. लांबी 2,460 मीटर, फक्त सात खांब, सगळ्यात उंच खांब 245 मीटर आणि वरच्या तारांच्या डोलकाठीसकट 343 मीटर, म्हणजे आयफेल टॉवरपेक्षा उंच. खांब खालून एकसंध दिसतो पण वरच्या 90 मीटरमधे त्याचे दोन पातळ पाय होतात, हे सौंदर्यासाठी केलंय असं लोकांना वाटतं, खरं कारण असं की अडीच किलोमीटरचं स्टील उन्हाने लांबतं-आखडतं आणि खांबाच्या डोक्याला त्याबरोबर थोडं वाकता आलं पाहिजे. 36,000 टनांचा रस्ता क्रेनने वर उचललेला नाही. दोन्ही पठारांवर जोडत जोडत हायड्रॉलिक यंत्रांनी साठ-साठ सेंटीमीटर पुढे सरकवत नेला, मधे तात्पुरते टेकू देऊन, आणि 28 मे 2004 ला दोन टोकं तार्नच्या बरोब्बर वर भेटली. डिसेंबर 2004 मधे रस्ता सुरू झाला. खर्च चारशे कोटी नाही हं, चारशे मिलियन युरो, म्हणजे चाळीस कोटी युरो, सगळा कंपनीचा, बदल्यात 75 वर्षं टोल. सुरुवातीला स्पीड लिमिट 130 होतं, लोक फोटो काढायला स्लो करायला लागले म्हणून 110 केलं. आणि गाडीतून तसं काही दिसत नाही, दोन्ही बाजूंना वाऱ्याला अडवणारे तीन मीटरचे पडदे आहेत.

तर तुमच्यासाठी असं करा. बेझिएहून ए-75 ने वर या, लोदेवनंतर पा द लेस्कालेतचा चढ लागेल, तिथे तुम्ही लार्झाकवर पोचलात. ला कुव्हर्तुआरादला तासभर, मग ला कावालरीच्या एक्झिटला मोटरवे सोडा आणि जुन्या हायवेने मियोला उतरा, हाच तो जुना जॅमवाला घाट, उतरताना डावीकडे दरी आणि लांबवर पूल. संध्याकाळी गाव, मनोरा, फॉश चौक. दुसऱ्या दिवशी सकाळी रोकफोर, दुपारी म्युझियम आणि ग्रोफेसांक, मुलं असतील तर त्याऐवजी तार्नच्या घळीत होडी. किंवा जाँतच्या घळीत गिधाडं, जी इथून नाहीशी झाली होती आणि 1981 पासून परत सोडली, आता आरामात डोक्यावर घिरट्या घालतात. संध्याकाळी सातनंतर पेर नावाच्या कड्याला चिकटलेल्या खेड्यात जा, तिथलं जुनं चर्च निम्मं कड्यातच कोरलंय, आणि पूल सगळ्यात छान तिथून दिसतो, जूनमधे ऊन साडेनऊपर्यंत असतं त्यामुळे घाई नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या उत्तरेकडून मोटरवेला लागा. या वाटेने पुलावरून जावंच लागत नाही आणि टोलही वाचतो, बाकी ए-75 जवळजवळ फुकट आहे. तरी पुलावरून जायचीच हौस असेल तर ला कावालरीला न उतरता सरळ पुढे जा, पूल ओलांडून पलीकडच्या रेस्ट एरियात गाडी लावून टेकाडावर चढून बघा, मग पुढे टोल भरा आणि उत्तरेकडून गावात उतरा. उन्हाळ्याच्या सीझनमधे टोल जास्त असतो.